राज्यसेवेची मुलाखत: पुढचा प्रश्न तुम्हीच हातात देता

एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या यादीत नंबर आला असेल तर अभिनंदन. आणि लगेच एक कडू गोष्ट ऐका: अजून तुम्ही काहीही झालेला नाहीत. स्टेटसला 'भावी उपजिल्हाधिकारी' ठेवणाऱ्या मामेभावाला आवरा. गावात सत्काराला बोलावलं तर काहीतरी कारण काढून टाळा. हार घालून घेतल्यावर अंतिम यादीत नाव नसलं की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाणंसुद्धा जड होतं. मला विचारा.

मी मुलाखत दिली ती जुन्या पद्धतीत. मुख्य परीक्षा 800 गुणांची, मुलाखत 100 ची. आताच्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य 1750 आणि मुलाखत 275, एकूण 2025. मुलाखतीचा वाटा अकरा टक्क्यांवरून साडेतेराच्या आसपास गेलाय, म्हणजे आभाळ कोसळलेलं नाही. 'आता सगळा खेळ मुलाखतीचा' असं सांगून पॅकेज विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. पण 'लेखीत भरपूर आहेत, मुलाखत होऊन जाईल' असं म्हणत अभ्यासिकेत चहा पीत बसू नका. यादीच्या कडेला असलेल्यांचं पद दोन-चार गुणांनी बदलतं, आणि आपण कडेला आहोत की नाही हे त्या वेळी कुणालाच माहीत नसतं.

चालू घडामोडी, जिल्ह्याची माहिती, पदवीचा विषय, छंद हे सगळं करायचं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या एका गोष्टीसाठी लिहायला बसले, ती सांगते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातली, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पदवीधर. अशा उमेदवाराला एक प्रश्न ठरलेला: शेतीचं शिक्षण घेऊन महसूल खात्यात कशाला? याचं उत्तर क्लासमध्ये तयार मिळतं. 'प्रशासनात येऊन धोरणनिर्मितीत सहभागी व्हायचंय आणि तळागाळातल्या शेतकऱ्यापर्यंत योजना पोचवायच्यात.' वाक्य कानाला गोड लागतं. मॉकमध्ये, म्हणजे सरावाच्या मुलाखतीत, समोरचे तिघेही माना डोलावतात. खऱ्या पॅनलने मान डोलावली नाही. अध्यक्षांनी अगदी शांतपणे विचारलं, "नायब तहसीलदार कोणतं धोरण ठरवतो?"

मी अंमलबजावणीवर घसरले. मग शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "योजना पोचवायच्या तर कृषी अधिकारी रोज तेच करतो. तिकडे का नाही गेलात?" त्यावर काहीतरी बोलले. तिसरा प्रश्न आला, "तुमच्या स्वतःच्या घरी शेवटची कोणती योजना पोचली?" शेततळं, असं सांगितलं. "अर्ज कुठे केला, अनुदान किती मिळालं, किती दिवसांनी?" अर्ज वडिलांनी केला होता. मी तेव्हा पुण्यात योजनांच्या नोट्स पाठ करत होते.

आता नीट बघा. 'धोरण' हा शब्द पॅनलने काढला नव्हता, मी आणला होता. 'तळागाळ' मी आणला. 'योजना' मी आणली. पॅनलला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं. त्यांच्यापुढे तुम्ही भरून दिलेला कागद असतो आणि तुमच्या तोंडून बाहेर पडणारे शब्द असतात. त्यातला जो शब्द पोकळ वाजेल, तो ते उचलतात. यात कपट नाही, त्यांचं कामच ते आहे. 'शाश्वत शेती' म्हणालात की तुमच्या रानात शाश्वत काय आहे ते विचारतील, आणि जुन्या ठिबकच्या नळ्यांचं काय करता हेही विचारतील. 'पारदर्शकता' म्हणालात की सातबारा ऑनलाइन झाल्यावरही लोक तलाठ्याकडे का जातात, हा प्रश्न आलाच. वाचन हा छंद लिहिला की शेवटचं पुस्तक कोणतं, आणि त्यातलं काय पटलं नाही. यातलं दुसरं उत्तर बहुतेकांकडे नसतं.

पुन्हा सांगते, कारण हे ऐकून सगळे 'हो हो' म्हणतात आणि परत तेच पाठ केलेलं उत्तर देतात. उत्तर पाठ करणं हा धोका नाही. दुसऱ्याचे शब्द पाठ करणं हा धोका आहे. त्या शब्दांच्या मागे तुमच्याजवळ काही नसतं, आणि प्रश्न बरोबर तिथेच येतो.

पुढच्या वेळी मी साधी गोष्ट केली. स्वतःची उत्तरं वहीत लिहिली आणि प्रत्येक जड शब्दाभोवती गोल केला. गोलातल्या शब्दावर सलग तीन प्रश्न झेलता येत असतील तर शब्द ठेवला, नाहीतर खोडला. बरेच खोडले. उत्तरं आखूड झाली, जरा गावठीही झाली. महसूल खातं का, याचं नवं उत्तर असं: आमच्या डाळिंबाच्या बागेकडे जाणारा रस्ता भावकीतल्या एकाने अडवला होता, वडिलांबरोबर तहसीलमध्ये खेटे घातले, काम कुठे अडतं आणि कुणाच्या सहीने सुटतं ते तिथे दिसलं. कृषी खात्यात माझं ज्ञान वापरता आलं असतं, पण आमच्या बागेचं नुकसान त्या रस्त्याने जास्त केलं होतं.

यावरही प्रश्न आलेच. रस्ता अडवला तर तहसीलदार कोणत्या कायद्याखाली मोकळा करतो? मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. आणि रस्ता मुळात नसेल, बांधावरून नवा हवा असेल तर? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. ही कलमं घरच्या भांडणातून पाठ झालेली होती, त्यामुळे जीभ अडली नाही. मग गाडी डाळिंबावर गेली. डाळिंबावरचा तेल्या रोग कशाने होतो? जिवाणूने. मग शेतकरी ताम्रयुक्त बुरशीनाशक का मारतात? तांबं जिवाणूवरही काही प्रमाणात चालतं म्हणून. आणि स्ट्रेप्टोसायक्लिन? इथे मी सरळ सांगितलं की प्रतिजैविक असं उघड्यावर फवारणं मला पटत नाही, पण बाग डोळ्यांदेखत जाताना माझ्या वडिलांना मी ते थांबवू शकले नव्हते. मॅडम हसल्या. ते उत्तर बरोबर की चूक, मला आजही सांगता येणार नाही.

जिल्ह्याच्या तयारीतही हेच आहे. सोलापूरच्या उमेदवाराला 1930 चा मार्शल लॉ आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेलेले चार हुतात्मे ठाऊक असतातच, डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे हेही ठाऊक असतं. माहिती सांगून झाली की वाद विचारतात. उजनीचं पाणी इंदापूरला देण्यावरून 2021 मध्ये जिल्हा का पेटला? दुष्काळी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात इतका ऊस कसा? नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं क्षेत्र कमी का करावं लागलं? आपल्या जिल्ह्यातले असे चार-पाच वाद काढा आणि दोन्ही बाजूंनी बोलून बघा. एकाच बाजूने बोललात तर मोर्च्यातले कार्यकर्ते वाटाल.

मॉकबद्दल माझं मत तिखट आहे. तीनेक मॉक पुरे, तेही अनोळखी माणसांसमोर. खुर्चीत बसायची सवय होते, हात कुठे ठेवायचे ते कळतं, बस. त्यापुढे प्रत्येक क्लास आपापलं मत तुमच्यावर चढवतो. एक म्हणतो हसा, दुसरा म्हणतो गंभीर राहा, तिसरा म्हणतो पोलीस उपअधीक्षक पहिली पसंती सांगू नका. मुख्य झाल्यावर मॉक फुकट का असतात, याचाही विचार करा. निकालानंतर एकाच मुलीचा फोटो पुण्यातल्या शास्त्री रोडवरच्या चार क्लासच्या फ्लेक्सवर कसा दिसतो, त्याचं उत्तर त्या फुकट मॉकमध्ये आणि भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये आहे. निवृत्त अधिकारी मार्गदर्शक मिळाले तर त्यांना उत्तरं विचारू नका, त्यांच्या नोकरीतला सगळ्यात वाईट दिवस विचारा. तेवढं ऐकून घेण्यासारखं असतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आमच्या गावच्या तलाठीभाऊंनी. (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, हेही विचारू शकतात.) फेरफार, वारसनोंद, ई-पीक पाहणीचा घोळ, गारपिटीनंतरचा पंचनामा, भरपाईसाठीच्या 33 टक्के नुकसानीच्या निकषाशी वाद घालणारे शेतकरी, हे सगळं त्यांनी ओट्यावर बसून तासाभरात सांगितलं. कोणत्याही पीडीएफमध्ये ते त्या क्रमाने आणि त्या वैतागाने मिळणार नाही. गावी जाऊन अशा एका माणसाजवळ बसा. बस लागते, झोप लागते, अशी कारणं नकोत.

कपड्यांचा फार बाऊ करू नका. इस्त्रीचा साधा शर्ट किंवा सुती साडी चालते, पण नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. मुलाखत मराठीतून देणार असाल तर खुशाल द्या, मध्येच इंग्रजी वाक्यं पेरू नका. 'माहीत नाही, सर' हे पूर्ण उत्तर आहे. त्यापुढे 'पण मला वाटतं' जोडलं की पुन्हा वरचाच खड्डा.

कागदपत्रांबद्दल मात्र ओरडूनच सांगते, कारण इथे हुशारी चालत नाही. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र जाहिरातीत मागितलेल्या तारखेला वैध आहे का, ते आजच बघा, उद्या नाही. सेतू केंद्रातला माणूस 'होऊन जाईल' म्हणतो, पण सर्व्हर त्याच्या ऐकण्यातला नसतो. लग्न झालेल्या मुलींनी माहेरच्या आणि सासरच्या नावाचा पुरावा, म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र, मूळ प्रतीसकट घ्यावा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि पदवीवर दुसरं स्पेलिंग, ही तर घरोघरची कथा आहे. त्याचं प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवा. आणि लहान कुटुंबाचं, म्हणजे अपत्यांच्या संख्येचं, प्रतिज्ञापत्र वाचून सही करा.

मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी सगळे प्रश्न क्रमाने लिहून काढा. चांगली गेली असं वाटून कमी गुण मिळालेले मी पाहिलेत, रडत बाहेर आलेल्यांना भरघोस मिळालेलेही पाहिलेत. त्यामुळे 'कशी गेली' असं घरून विचारलं तर 'झाली' म्हणा आणि पुढच्या पूर्वपरीक्षेची पुस्तकं परत टेबलावर काढा. यादी कधी लागेल ते आपल्या हातात नाही. दोन आठवडे काहीच सुचत नाही, हे खरंय. त्या दिवसांत मी सकाळी फक्त सी-सॅटचे, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या आकलन-बुद्धिमत्तेच्या पेपरचे, उतारे सोडवायचे, कारण त्यात डोकं आपोआप चालतं आणि उद्याचा विचार करायला जागा उरत नाही.