गावचं वाचनालय महिनाभर चालवायचं कसं (किल्ली नुकतीच हातात आलेल्यांसाठी)

गोव्यात गावागावात वाचनालयं आहेत, म्हणजे पाटी आहे, देवळाच्या अग्रशाळेत (उतरायच्या खोल्यांत) नाहीतर पंचायतीच्या माडीवर एक खोली आहे, चार लोखंडी कपाटं आहेत आणि वर्षाला एक वर्धापनदिन होतो, त्यात पाहुणे, शाल, श्रीफळ, फोटो, आणि दुसऱ्या दिवसापासून परत कुलूप. आता समजा नवीन कमिटी झाली आणि ती किल्ली तुमच्याकडे आली तर पुढचा महिना काय करायचं ते इथे लिहितोय. आम्ही फोंड्याकडे हेच करतो, थोडं इकडेतिकडे करून तुमच्याकडेही चालेल.

आधी वेळ ठरवा, कार्यक्रम नंतर. दिवसभर उघडं ठेवायच्या भानगडीत पडूच नका, माणसं मिळत नाहीत आणि दुपारी तसंही सगळं गाव झोपलेलं असतं, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. दोन वेळा पुरतात, सकाळी ८ ते १० पेपर वाचणारे येतात आणि संध्याकाळी ५ ते साडेसात मुलं आणि परीक्षावाले. पण जी वेळ दारावर लिहिलीय ती पाळायची म्हणजे पाळायचीच. ५ ची वेळ आणि सव्वापाचला कुलूप बघून गेलेलं पोर परत येत नाही, ते ग्राउंडवर जातं, आणि त्याला बोलवायला तुम्ही मग चित्रकला स्पर्धा ठेवता. किल्ल्या दोघांकडे हव्यात, तिसरी शेजारच्या दुकानात. पाळ्यांचं टेबल २५ तारखेला ग्रुपवर टाकायचं, महिना सुरू झाल्यावर नाही.

पहिला महिना फक्त मोजा. दाराशी एक वही, तासाला किती माणसं आली त्याच्या उभ्या रेघा, बाकी काही नाही. नाव-गाव-सही मागायला गेलात तर अर्धे दारातूनच फिरतील. महिन्याच्या शेवटी त्या रेघा बघितल्या की आपले अंदाज किती चुकीचे असतात ते कळतं, रविवारी गर्दी होईल असं सगळ्यांना वाटतं पण रविवारी सकाळी लोक मासळी बाजारात असतात, बुधवारी संध्याकाळी ट्यूशन नसते म्हणून मुलं जास्त असतात, असलं काहीतरी निघतं, आणि त्याप्रमाणे वेळ सरकवायची.

पेपर. मराठी दोन-तीन घ्या, गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत यातले, एक इंग्लिश, आणि कोंकणी भांगरभुईं घ्याच, मराठी वाचनालय म्हणून कोंकणी पेपर नको असला वाद मीटिंगमध्ये निघाला तर विषय बदला, वाचणारा माणूस दोन्ही वाचतो. नोकरभरतीच्या जाहिराती त्याच दिवशी कापून बोर्डवर लावा, तारीख घालून. संध्याकाळची पोरं आधी तेवढा बोर्ड बघतात आणि मग आत येऊन बसतात.

देवघेवीचं. सगळ्यात आधी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, एका पुस्तकाला एक नंबर, पुस्तक हरवलं तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. शिक्का पहिल्या पानावर आणि आत एका ठरलेल्या पानावर, उदाहरणार्थ २१, कारण पहिलं पान फाडता येतं. कॉम्प्युटर असेल तर एनआयसी या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर आहे, पण दीड-दोन हजार पुस्तकांना साधी एक्सेल शीट पण धावते, वही तर धावतेच. वर्गीकरणात फार अडकू नका. पुस्तकांना विषयवार नंबर देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य सगळं ८९१.४६ खाली येतं, म्हणजे तुमचं तीन चतुर्थांश वाचनालय एकाच नंबरात. नंबर नोंदवहीत लिहून ठेवा, पुढेमागे कुठे जोडायचं झालं तर लागतो, पण कपाटाला रंगीत पट्ट्या लावा, कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, मुलांचं, गोव्याविषयी. गोव्याविषयीचं कपाट वेगळंच हवं आणि ते दारातून दिसेल असं.

मुदत १५ दिवस. दंड लावू नका असं माझं मत आहे, कमिटीत दोघेतिघे लावा म्हणणारे असतातच, पण मुलाला दहा रुपये दंड झाला की तो पुस्तक घरात लपवतो आणि पुस्तकही जातं आणि सभासदही. फोन करा. अनामत घ्या, थोडी, पावती देऊन, आणि सोडताना न मागता परत करा, गावात याची चर्चा होते. परत आलेली पुस्तकं लगेच कपाटात नको, दाराजवळच्या टेबलावर ठेवा एक दिवस, लोक त्यातूनच उचलतात कारण कोणीतरी वाचलंय म्हणजे बरं असणार असं सगळ्यांना वाटतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, आणि आमच्यासारख्या एका खोलीच्या जागेत तो पाळायला एवढं टेबल पुरतं.

आता जे येतच नाहीत त्यांचं. घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं. संध्याकाळी ५ ते साडेसात ही नेमकी दिवाबत्ती आणि स्वयंपाकाची वेळ, त्या येणार कशा. तर आठवड्यातून एकदा पिशवीत वीसेक पुस्तकं घालून वाड्यावर जायचं, स्वयंसहाय्य गटाची मीटिंग असते तिथे सगळ्यात सोपं. कॉलेजातली एखादी मुलगी तयार करा, दर वेळी तीच हवी म्हणजे ओळख होते आणि फर्माइशी यायला लागतात. "बाय, मागच्या खेपेक हाडिल्लं तसलंच दुसरं हाड गो, पण अक्षर मोठं बघ," असं कोंकणीत सांगतात (हाड म्हणजे आण) आणि मराठी पुस्तक नेतात, यात कोणालाच काही विचित्र वाटत नाही. मोठ्या टायपातली पुस्तकं वेगळी काढून ठेवा. ज्यांना दिसतच नाही त्यांच्यासाठी सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन सोय आहे २०१६ पासून, अपंगत्वामुळे छापील वाचता न येणाऱ्यांनाच सभासद होता येतं, नोंदणी तुम्ही शेजारी बसून करून द्या.

फॉर्म भरण्याची मदत हा प्रकार आम्ही नाइलाजाने सुरू केला पण गर्दी त्यालाच असते. गृह आधार, दयानंद सामाजिक सुरक्षा या गोवा सरकारच्या योजना, नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. आठवड्यातला एकच दिवस ठेवा नाहीतर वाचनालयाचं सायबर कॅफे होतं. आणि नियम कडक, कोणाचा ओटीपी आपण टाकायचा नाही, आधारची झेरॉक्स आपल्याकडे ठेवायची नाही, पासवर्ड वहीत लिहायचा नाही, त्यांच्या हाताने त्यांच्या फोनवर.

कार्यक्रम महिन्याला एक, मोठ्यांसाठी, आणि दर शनिवारी मुलांची गोष्ट, बस. तारीख नाही, वार ठरवा, तिसरा शनिवार म्हणजे तिसरा शनिवार, लोकांच्या डोक्यात बसायला पाच-सहा महिने जातात आणि तेवढ्यात आपण बदलतो. फक्त वार पक्का करायच्या आधी गावचं पूर्ण वर्षाचं कॅलेंडर मांडून बघा, जत्रा, पालखी, चॅपलचं फेस्त, शिगमो, शाळेच्या परीक्षा. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस कोणी येणार नाही, माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची आरास) आणि देखाव्यापुढे पुस्तक टिकत नाही, ते मान्य करा.

पाहुणा वक्ता आणून भाषण ठेवण्यापेक्षा आमच्याकडे चालतं ते नाटकाचं सामूहिक वाचन. गोव्यात जत्रेला गावची पोरं स्वतः मराठी नाटक करतात, कला अकादमीची स्पर्धा असते, म्हणजे नाटक वाचायची सवय आणि गरज दोन्ही आहे, फक्त संहिता मिळत नाही म्हणून लोक झेरॉक्सची झेरॉक्स वापरतात. तर नाटकांचं कपाट भरा. महिन्याला एक नाटक घ्या, भूमिका तिथल्या तिथे वाटा, उभं राहायचं नाही, पाठ करायचं नाही, नुसतं वाचायचं, दोन तासात होतं आणि जो माणूस कधी कादंबरी नेत नाही तो यासाठी येतो. त्यातलं एखादं पुढे रंगमंचावर करायचं झालं तर लेखकाची किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी आणि मानधन हे आधी, पुस्तक आपल्या कपाटात आहे म्हणून प्रयोगाचा हक्क मिळत नाही. सिनेमा दाखवायचा झाला तरी तेच. आणि नवीन पुस्तकांचे पीडीएफ वाचनालयाच्या ग्रुपवर टाकणारा एक उत्साही सगळीकडे असतो, त्याला थांबवा, लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. फुकट आणि रीतसर हवं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर बरीच पुस्तकं आहेत, मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, परीक्षावाल्यांना नॅशनल डिजिटल लायब्ररी दाखवा.

मुलांच्या गोष्टीला शिक्षक नको, आजी हवी. अर्धा तास, फार नाही, आणि संपल्यावर तेच पुस्तक समोर ठेवायचं. मे महिन्यात सुट्टीला मुंबईची भाचरं येतात तेव्हा तात्पुरतं सभासदत्व द्या, आजोबांच्या नावावर.

पावसाळा हा आमचा खरा शत्रू. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, चार महिने भिंती ओल्या. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, सगळ्यात खालचा खण रिकामा ठेवा, पुस्तकं गच्च कोंबू नका, वारा फिरायला हवा. रोज पंखा लावायचा, कोणी बसलेलं असो नसो. पाऊस चालू असताना खिडक्या उघडल्या तर ओलच आत येते, उघडीप मिळाली की उघडा. बुरशी धरलेलं पुस्तक आधी बाकीच्यांपासून वेगळं करा, सुकू द्या, मग बाहेर नेऊन तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसलं तर बुरशी पानात शिरते. कडक उन्हात तासन्तास नको, पानं पिवळी पडतात आणि पुठ्ठा वाकतो, सावलीतला वारा बरा. कौल सरकून पूर्ण भिजलेलं असेल तर पानांमध्ये कोरे पांढरे कागद घालून पंख्याखाली उभं करा. पेपर घालू नका, शाई लागते. एकदम पन्नास भिजली आणि हात कमी असतील तर प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये टाका, बुरशी तिथे वाढत नाही आणि मग सवडीने एकेक सुकवता येतं. गावात मासळीचा फ्रीझर कोणाकडे तरी असतोच, पिशव्या मात्र दोन घाला. वाळवी लाकडी कपाटाच्या पाठीमागून येते, महिन्यातून एकदा टॉर्च मारून बघायचं. कसर लागलेली पुस्तकं लगेच कळतात, बांधणीच्या डिंकाजवळ चाटल्यासारखं दिसतं.

देणगी पुस्तकांबद्दल स्पष्ट बोला. लोक माळा साफ करतात आणि पोती आणून टाकतात, जुनी दहावीची गाईडं, वाळवीसकट. घेतो, पण ठेवायचं की नाही आम्ही ठरवणार, असं आधीच सांगा, लेखी असेल तर उत्तम. पण एक अपवाद, १९६१ च्या आधीचं गोव्यात छापलेलं काहीही, मासिक, पत्रिका, जमाखर्चाची पुस्तिका, काहीही मिळालं तर रद्दीत देऊ नका, पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा. ते १८३२ साली सुरू झालेलं आहे आणि जुने पेपर, दुर्मिळ ग्रंथ तिथे जपलेले आहेत. वर्षातून एकदा मुलांना घेऊनही जा, कदंबच्या बसस्टँडपासून चालत आहे. सरकारी मदतीची चौकशीही तिथेच करायची, गोव्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९९३ चा आहे, आणि कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांबद्दलही तिथेच विचारा. नोंदणी आणि ऑडिट व्यवस्थित नसेल तर मात्र तोंड दाखवायला जाऊ नका.

महिनाअखेरीला एक पान लिहायचं. किती दिवस उघडं होतं, किती वेळा उशिरा उघडलं, किती पुस्तकं गेली, नवीन सभासद किती, आणि कुठली पुस्तकं लोकांनी मागितली पण आपल्याकडे नव्हती. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, खरेदी त्यावरून करायची, अध्यक्षांच्या मित्राच्या कवितासंग्रहाच्या वीस प्रती घेऊन नाही. पान बोर्डवर लावा, सगळ्यांना दिसेल असं. तीन वर्षांत एकदाही न हललेल्या पुस्तकांची यादी वर्षातून एकदा मार्चमध्ये पडताळणीच्या वेळी काढायची, दोघांनी मिळून, एकाने नंबर वाचायचा, दुसऱ्याने टिक करायची, एकट्याने करायला गेलात तर चहाच्या आधीच चुकाल. आणि पुढच्या महिन्याची पहिली पाळी ज्याची आहे त्याला वेगळा फोन करा, ग्रुपवरचं कोण वाचत नाही.