कोणते किर्लोस्कर? आधी ठरवा, मग शोधा

नुसतं 'किर्लोस्कर' टाकून शोधलंत तर नाटक, नांगर आणि डिझेल इंजिन एकाच ढिगात येतं. म्हणून आधी साल पाहा. 1880 च्या आसपासचा, संगीत रंगभूमीचा उल्लेख असेल तर ते अण्णासाहेब, म्हणजे बळवंत पांडुरंग. जुन्या कागदांत हे मूळ नावच सापडतं. नांगर, कारखाना असेल तर लक्ष्मणराव (1869–1956). मासिकांचा संपादक असेल तर शंकरराव, पण नोंदींत बहुधा 'शं. वा.', तेव्हा आद्याक्षरांनीही शोधा.

किर्लोस्करवाडी हे गाव: 1910 मध्ये औंध संस्थानात वसलं, आज सांगली जिल्ह्यात. जुनी कागदपत्रं साताऱ्याच्या नावाखाली सापडली तर दचकू नका, सांगली जिल्हा नंतरचा.

खरी फसगत पंप-इंजिनांच्या सुट्या भागांत होते. किर्लोस्कर ब्रदर्स, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि किर्लोस्कर इलेक्ट्रिक या वेगवेगळ्या कंपन्या. पंपसेटवर पंप एकीचा, इंजिन किंवा मोटर दुसरीची असू शकते. त्यामुळे दोन्हींवरच्या नावाच्या पाट्या स्वच्छ पुसून कंपनीचं पूर्ण नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक टिपा, फोटो काढा, मगच दुकानात जा. 'किर्लोस्करचं सील द्या' एवढ्यावर मिळालेलं सील बसेलच असं नाही.