अ‍ॅबरिस्टविथला एका सेमिस्टरसाठी निघताना

सप्टेंबरात वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला शिकायला निघाला असाल, तर आधी बॅगेतली छत्री काढून घरी ठेवा. मी तिथे दोन मोडल्या. दुसरीच्या काड्या प्रोमेनेडवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फिरायच्या रस्त्यावर, अशा उलट्या झाल्या की समोरून येणाऱ्या आजीबाई थांबून हसल्या. तिथला पाऊस समुद्रावरून आडवा येतो. कोकणातला पाऊस पाहिलाय म्हणून निर्धास्त राहू नका, कोकणात भिजलं तरी हाडं गारठत नाहीत. टोपी असलेलं चांगलं वॉटरप्रूफ जाकीट घ्या, आत थर्मल आणि फ्लीस. जाड लोकरी कोटाने बॅग भरू नका. डिसेंबरातही पारा बहुतेक शून्याच्या वरच असतो, त्रास असतो तो वाऱ्याचा. जानेवारी 2014 च्या वादळात लाटांनी प्रोमेनेड उखडला होता आणि किनाऱ्यावरच्या वसतिगृहांतली मुलं हलवावी लागली होती. बूट पकड असलेलेच हवेत, कारण कॅम्पस पेंग्लाइसच्या टेकडीवर आहे आणि चढ रोजचा.

कागदपत्रं थोडक्यात. मुक्काम सहा महिन्यांच्या आत असेल तर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर शिकता येतं, पण त्यावर अर्धवेळसुद्धा काम करता येत नाही, म्हणून खर्चाचा हिशोब इथूनच मांडा. या व्हिसाला आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचं शुल्क, नसतो, त्यामुळे विमा स्वतः काढायचा. परीक्षा जानेवारीत आहे का, हे विचारल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका. प्रवेशाचं पत्र छापून हातातल्या बॅगेत ठेवा.

बर्मिंगहॅमहून रेल्वेने साधारण तीन तास लागतात. गाडी श्रूझबरीला दिशा बदलते, पुढचा डबा मागचा होतो. पुढे मखनथ्लेथच्या आसपास तिचे दोन भाग होतात, एक अ‍ॅबरला, दुसरा किनाऱ्याने उत्तरेला पुथ्लेलीकडे. तेव्हा डबा कुठला हे गार्डला विचारूनच बसा. मी विचारलं नव्हतं. दोन जड बॅगा घेऊन धावत डबा बदलला.

खाण्याच्या पिशवीतून तूप, खवा, पेढे काढा. भारतातून दुग्धजन्य पदार्थ न्यायला बंदी आहे. आईला वाईट वाटेल, तिला नियम वाचून दाखवा. गोडा मसाला मात्र न्या, पाव किलो चार महिन्यांना पुरून उरतो. मेतकूट, हिंग, कोकमंही. डाळ-तांदूळ तिथे मिळतात. वसतिगृहात फोडणी देताना आधी खिडकी उघडा, दार लावा आणि मिरची शेवटी टाका. नाहीतर फायर अलार्म वाजून पूर्ण मजला रात्री पायजम्यात बाहेर उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तुमचं नाव ठाऊक असतं. प्लग तिथला तीन चौकोनी पिनांचा, दोन अ‍ॅडॅप्टर पुरतात. व्होल्टेज आपल्याइतकंच आहे.

वेल्श भाषेतला एक शब्द विमानातच पाठ करा: ‘डिओल्ख’, म्हणजे धन्यवाद. बसमधून उतरताना ड्रायव्हरला तो म्हणायचा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि भारताशी फरक साडेपाच तासांचा होतो. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा घरी साडेनऊ झालेले असतात, जेवणं आटोपलेली असतात. फोनची वेळ तीच ठरवा आणि पियरपाशी, म्हणजे खांबांवर समुद्रात गेलेल्या धक्क्यापाशी, उभे राहा. आपल्या साळुंकीचे भाऊबंद असलेले स्टार्लिंग त्या वेळी थव्याथव्याने पियरखाली मुक्कामाला येतात. त्यांचा कलकलाट फोनवरही ऐकू जातो.