व्हिडिओ कॉल अडकतो तेव्हा: घरच्या राउटरमधली रांग कशी सुधारावी

चवथीच्या दिवशी आरती आटोपली आणि आईने मस्कतला असलेल्या माझ्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. गोव्यातल्या फोंड्याचं घर माणसांनी भरलेलं. मोबाइल गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीकडे वळवला, नारळ, सुपाऱ्यांचे घड, कांगलां एकेक करून दाखवायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत भावाचा चेहरा पडद्यावर गोठला. "तुजो आवाज येना रे," आई पुन्हा पुन्हा सांगत होती. भाऊ वर्षातून एकदाच, तेही असं लांबून, घरचा गणपती बघतो.

नेट गेलं नव्हतं. भाच्याने सकाळपासून काढलेले फोटो आणि व्हिडिओ त्याचा फोन क्लाउडवर चढवत होता, एवढंच. एक फोन फोटो चढवतो म्हणून अख्ख्या घराचं बोलणं थांबावं, ही राउटरची चूक आहे. ती मोठा प्लॅन घेऊन सुटत नाही. घरच्या घरी मात्र सुटते.

आधी दुखणं समजून घ्या

नेटवरून डेटा छोट्या तुकड्यांत जातो, त्यांना पाकिटं म्हणतात. बाहेर जाणाऱ्या वाटेवर मावत नाहीत ती पाकिटं राउटर मेमरीत थांबवून ठेवतो. हिशेब करून बघा. वर जाणारा वेग १० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक कोटी बिट आहे आणि राउटरमध्ये १ एमबी डेटा ताटकळतोय. एक एमबी म्हणजे ८० लाख बिट, ते बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतात. तुमचा आवाज त्या रांगेच्या शेपटाला उभा. फोटो पाऊण सेकंद उशिरा पोचला तर कुणाचं काही बिघडत नाही; बोलणं मात्र तुटतं.

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीसाठी थांबलेल्या गाड्या आठवा. थांबायची जागा वाढवली म्हणून फेरीबोट जास्त गाड्या नेत नाही. फक्त रांग लांबते. राउटर बनवणाऱ्यांनी नेमकी हीच चूक केली. मेमरी स्वस्त झाली, रांगा लांबल्या. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास आपल्याच घरच्या जोडणीवर हा प्रकार पकडला. त्याला 'बफरब्लोट' म्हणतात. यात आणखी एक गोम आहे. पाठवणारा संगणक वेग कमी करतो तो पाकीट हरवल्यावर. लांब रांग पाकीट हरवूच देत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला गर्दीचा पत्ताच लागत नाही आणि तो ढकलत राहतो.

औषध २०१२ पासून उपलब्ध आहे. कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' ही पद्धत मांडली. रांगेत किती पाकिटं आहेत हे ती मोजत नाही, पाकीट किती वेळ थांबलं हे मोजते. थांबणं ५ मिलिसेकंदांच्या वर जाऊन तसंच टिकून राहिलं की एखादं पाकीट टाकून देते आणि पाठवणाऱ्याला इशारा मिळतो. पुढे 'एफक्यू-कोडेल' आलं. त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते, म्हणजे फोटोंच्या ट्रकमागे आवाजाची स्कूटर अडकत नाही. याच कामाचं त्यानंतरचं 'केक' २०१८ साली लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या ४.१९ आवृत्तीत सामील झालं. हे सगळं फुकट आणि खुलं आहे. तरीही दुकानातल्या खोक्यावर अँटेना किती आणि वेग किती एवढंच छापलेलं असतं, आणि आत हे औषध एक तर नसतं किंवा बंद ठेवलेलं असतं. मला याचा मनापासून राग येतो.

पायरी १: मोजा

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग ही आज्ञा 'हायफन टी' जोडून गूगलच्या पत्त्यावर चालवा. पत्ता म्हणजे चार वेळा आठ, मध्ये टिंबं. दर सेकंदाला मिलिसेकंदांत आकडा दिसू लागेल, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर परत यायला लागलेला वेळ. तो लिहून ठेवा. आता दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा आणि आकड्याकडे बघत राहा.

आमच्याकडे शांत वेळी १४ होता. व्हिडिओ चढू लागताच ३००, ६००, मग ८५० च्या आसपास जाऊन बसला. चढवणं थांबवलं आणि दोनेक सेकंदांत पुन्हा १४. तो उतार डोळ्यांनी बघितला की शंका राहत नाही. वाढ तीसच्या आत असेल तर तुमचा राउटर बरा आहे. शंभराच्या वर गेली तर पुढे वाचा. लॅपटॉप नसेल तर ऊक्लाचं स्पीडटेस्ट अ‍ॅप चालवा. त्यात रिकाम्या वेळचा, डाउनलोडचा आणि अपलोडचा असे तीन वेगळे पिंग दिसतात. लॅपटॉप असला तरी हे एकदा चालवून डाउनलोड आणि अपलोडचा वेग लिहून ठेवा, तो पुढे लागेल.

केबलवर सगळं ठीक आणि वायफायवरच अडचण असेल तर दोष बहुधा चिऱ्याच्या जाड भिंतींचा. तार खिडकीतून आत येते तिथेच राउटर टांगायची आपल्याकडे सवय आहे. तो उचलून घराच्या मध्यावर आणा. आणि पावसात झाड पडून फायबर तुटला असेल तर या लेखातलं काहीच कामाचं नाही.

पायरी २: आहे त्या राउटरमध्ये शोधा

राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. ब्राउझरमधून आत जा, 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' शोधा. एकूण अपलोड वेग भरायची जागा दिसली तर मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्के आकडा भरा आणि पुन्हा पायरी १ करा. काही राउटरवर एवढ्यानेच फरक पडतो.

नुसती 'या फोनला प्राधान्य द्या' अशी यादी असेल तर तिच्या नादी लागू नका. आईच्या फोनला पहिला नंबर दिला आणि तोच फोन फोटो चढवू लागला तर? आणि वाट कुठे अरुंद होते हे राउटरला सांगितलंच नाही, तर तो कुणाला थांबवणार?

पायरी ३: 'ओपनडब्ल्यूआरटी' चालणारा राउटर घ्या

ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली लिनक्स प्रणाली. वर सांगितलेलं औषध तिच्यात मिळतं. ती कोणत्या राउटरवर चालते याची यादी आणि राउटरवर चढवायची फाइल तिच्या संकेतस्थळावर आहे. मॉडेलचा नंबर आणि त्यापुढची आवृत्ती, दोन्ही तंतोतंत जुळवा. एकाच नावाच्या खोक्यात आवृत्तीनुसार चिप बदललेली असते आणि चुकीची फाइल चढवली तर राउटर निकामी होऊ शकतो. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमपेक्षा कमी असलेला घेऊ नका.

नेट कंपनीने बसवलेल्या डब्याला हात लावू नका. आपला राउटर त्याच्या मागे केबलने जोडा. शक्य असल्यास कंपनीला सांगून त्यांचा डबा 'ब्रिज मोड'वर टाकून घ्या, म्हणजे तो नेट नुसतं पुढे देतो आणि राउटरचं काम तुमचाच राउटर करतो. नाही झालं तरी चालतं. पण जुन्या डब्याचं वायफाय बंद कराच. मी पहिल्यांदा हे विसरलो. भाच्याचा फोन जुन्याच वायफायवर राहिला, त्याचे फोटो नव्या राउटरला वळसा घालून जात राहिले आणि माझी अख्खी संध्याकाळ फुकट गेली.

पायरी ४: एसक्यूएम लावा

एसक्यूएम म्हणजे 'स्मार्ट क्यू मॅनेजमेंट', रांग नीट लावणारी सोय. ओपनडब्ल्यूआरटीच्या सॉफ्टवेअरच्या पानावरून 'लुसी-अ‍ॅप-एसक्यूएम' हे पॅकेज बसवा. नेटवर्कच्या मेन्यूत 'एसक्यूएम क्यूओएस' दिसू लागेल. तिथे:

- इंटरफेस म्हणून बाहेर जाणारा वॅन निवडा. लॉगिन नाव टाकून जोडणी होत असेल तर पीपीपीओई-वॅन.
- डाउनलोड आणि अपलोडचा वेग मोजलेल्या आकड्याच्या ८५ टक्के भरा. इथे एकक केबीपीएस असतं, म्हणजे ८.५ एमबीपीएससाठी ८५००.
- रांगेची पद्धत 'केक', स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक'.
- लिंक लेयरमध्ये इथरनेट, ओव्हरहेड ४४.

मग चालू करून सेव्ह करा. फायरवॉलच्या पानावर फ्लो ऑफलोडिंग चालू असेल तर बंद करा, नाहीतर पाकिटं एसक्यूएमला टाळून जाऊ शकतात.

मुद्दाम वेग का कापायचा, असं घरी कुणीतरी विचारणारच. रांग जिथे वाट अरुंद तिथे लागते. तुमचा राउटर थोडा कमी वेगाने पाठवतो तेव्हा रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि ती नीट लावणं तुमच्या हातात येतं.

पायरी ५: पुन्हा मोजा, मग थोडं थोडं वाढवा

पिंग चालू ठेवून व्हिडिओ चढवा. आमच्याकडे आकडा २० च्या आसपास स्थिरावला. तसं झालं की ८५ टक्क्यांवरून ९०, मग ९५ करून बघा. पिंग चढू लागला की एक पाऊल मागे. हे रात्री नऊच्या सुमारास करा. तेव्हा वाड्यावरची सगळी घरं नेटवर असतात, आणि सकाळी मिळणारा वेग त्या वेळी मिळेलच असं नाही. जोडणी वेगवान आणि राउटरचा प्रोसेसर दुबळा असेल तर एसक्यूएम चालू केल्यावर डाउनलोड बराच पडतो. तसं दिसलं तर डाउनलोडच्या जागी शून्य भरून फक्त अपलोडला मर्यादा ठेवा. बहुतेक कॉल तिथेच तुटतात.

सगळं जमलं की सिस्टमच्या मेन्यूतून सेटिंगचा बॅकअप लॅपटॉपवर उतरवून घ्या. पावसाळ्यात तक्रार केली की दुरुस्तीला येणारा मुलगा आधी मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट करतो. त्याला आपला राउटर दाखवून आधीच सांगा, "बाबू, याला हात लावू नकोस," आणि तरीही रीसेट झालाच तर ती फाइल परत चढवा.