गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजताना या चुका टाळा

बद्धकोष्ठाचा किंवा शौच न थांबण्याचा त्रास असणारा माणूस ॲनोरेक्टल मॅनोमेट्रीला, म्हणजे टोकाला फुगा असलेली नळी गुदद्वारात घालून दाब मोजण्याच्या तपासणीला येतो, तो आधीच संकोचलेला असतो. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, अनोळखी माणसासमोर झोपायचं आणि वर सांगितलं की आवळायचं, सांगितलं की कुंथायचं. या अवस्थेत आपण काय आणि कसं सांगतो, यावर अर्धा रिपोर्ट ठरतो.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘जोर लावा’ या दोन शब्दांनी होतो. आवळायच्या वेळी आपण तेच म्हणतो, कुंथायच्या वेळीही तेच. पेशंट गोंधळतो, कुंथायच्या जागी आवळतो आणि रिपोर्टवर ‘डिससिनर्जिया’ (कुंथताना स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जाणं) असं लिहून येतं. त्यापेक्षा आवळण्यासाठी ‘चारचौघांत वारा सरतोय, तो अडवा’ असं सांगा. कुंथण्यासाठी ‘संडासला बसल्यासारखं खाली ढकला’. फुगा निसटेल, काही बाहेर येईल, ही भीती आधीच बोलून काढा; नाहीतर माणूस मनातून धरूनच ठेवतो. आवळताना नितंब आणि मांड्या ताणल्या जात नाहीत ना, हे हात ठेवून बघा. त्यांचा ताण दाबात मिसळला, तर कमजोर स्नायूही दणकट दिसतो. आणि मॅनोमेट्रीआधी बोटाने तपासणी करताना हेच दोन्ही करून घेतलंत, तर सूचना समजल्या की नाहीत ते तिथेच कळतं.

नळी घातल्याबरोबर आकडे टिपू नका. पहिला दाब बहुधा दचकल्याचा असतो. या तपासणीच्या आंतरराष्ट्रीय ‘लंडन प्रोटोकॉल’मध्ये 3 मिनिटं स्थिरावण्यासाठी आणि मग 60 सेकंद विश्रांतीच्या दाबासाठी ठेवली आहेत, ती कापू नका. हा दाब मुख्यतः आतल्या, आपल्या इच्छेबाहेरच्या स्नायूचा. आवळल्यावर वाढणारा बाहेरच्या स्नायूचा. एक कमी आणि दुसरा ठीक असेल, तर उपचाराची दिशा बदलते. दोन आवळण्यांमध्ये 30 सेकंद सोडा, थकलेला स्नायू खोटं बोलतो.

सेन्सर नळीतच बसवलेले असतील, तर शरीराच्या उबेने शून्य सरकतं. तपासणी संपल्यावर नळी हवेत धरून वाचन शून्याजवळ येतं का ते पाहा.

फुगा फुगवल्यावर आतला स्नायू सैल पडायला हवा. तो पडला नाही, म्हणून लहान मुलाच्या आईबापांना लगेच हिर्शस्प्रंगचं (आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः मज्जापेशी नसण्याच्या आजाराचं) नाव सांगू नका. नळी सरकली असेल. मोठं आतडं मळाने ताणलं गेलं असेल, तर नेहमीएवढी हवा पुरत नाही, फुगा आणखी फुगवावा लागतो. विश्रांतीचा दाबच फार कमी असेल, तर स्नायू सैल पडल्यावरही दाबाचा उतार दिसायला जागाच नसते. आजाराची खात्री बायॉप्सीनेच होते.

कुशीवर झोपून कुंथताना निरोगी माणसांतही उलटा आलेख (गुदद्वाराचा दाब मलाशयापेक्षा जास्त) पुष्कळदा दिसतो. तेव्हा फुगा बाहेर टाकण्याची चाचणी केल्याशिवाय अडथळ्याचं निदान लिहू नये: 50 मिलिलिटर पाण्याचा फुगा, पेशंट कमोडवर बसलेला, दार लावलेलं. दार लावलेलं हे विसरलं जातं, आणि फरक तिथेच पडतो.

शेवटी नॉर्मल आकडे. बायकांचे पुरुषांपेक्षा सहसा कमी, आणि प्रत्येक यंत्राचे वेगळे. पाणी सोडून दाब मोजणाऱ्या नळीवरचे जुने तक्ते हाय-रिझोल्यूशनच्या (जवळजवळ बसवलेल्या अनेक सेन्सरच्या नळीच्या) रिपोर्टला लावले, तर धडधाकट बाईच्या माथी आजार येतो.