शाळा सुटायची वाट बघताना इंजिन बंद

पावसाळ्यात रत्नागिरीत शाळा सुटायच्या वेळी बघा. चिऱ्याच्या गडग्याला लागून रिक्षा, स्कूटर, एखादी व्हॅन, सगळ्यांची इंजिनं घुरघुरत. पोरं छत्र्या सावरत त्यातूनच वाट काढतात, नाक अगदी धुराच्या उंचीला. मोठ्यांपेक्षा त्यांचा श्वास जलद, म्हणजे वजनाच्या मानाने धूरही जास्तच आत जातो.

दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर चावी फिरवा. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे हल्लीच्या गाडीला पुन्हा सुरू व्हायला जेवढं पेट्रोल लागतं, त्याहून जास्त उभ्या उभ्या जळतं. ‘सकाळी गाडी गरम करावी लागते’ हे कार्ब्युरेटरच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या जमान्यातलं. आणि आपल्याकडे थंडी ती केवढी! टर्बोवाली डिझेल गाडी घाट चढून आली असेल तर टर्बो थंड व्हायला अर्धा-एक मिनिट चालू ठेवा, पण फाटकापासून लांब.

खरी पंचाईत पावसात. काच धुरकटते म्हणून एसी, एसीसाठी इंजिन. त्यापेक्षा पाऊस मारत नाही त्या बाजूची काच दोन बोटं खाली घ्या, डॅशबोर्डवर जुना सुती पंचा ठेवा, निघताना एकदा पुसलं की झालं. आणि जागा धरायला अर्धा तास आधी कशाला? घंटेलाच पोचा.