पाय वर ठेवायचा की खाली सोडायचा?

पायाला जखम असलेला पेशंट वॉर्डात आला की माझ्या विद्यार्थिनी आधी ड्रेसिंगची ट्रॉली ओढतात. मी त्यांना थांबवते आणि एक प्रश्न विचारायला लावते, "आप्पा, रात्री पाय कुठे ठेवता?"

कुणी म्हणतं, "खाटेखाली लोंबत सोडतो, तेव्हा कुठे डोळा लागतो." कुणी मावशी म्हणतात, "उशीवर ठेवते, मग ठणका कमी होतो." पहिल्याच्या पायात रक्त पुरेसं पोचत नाही, म्हणून पाय खाली सोडला की उतारानं थोडं जास्त उतरतं. मावशींच्या पायात पोचलेलं रक्त वर परत जात नाही, म्हणून पाय उंच केला की त्याचा निचरा होतो. आप्पांचं दुखणं धमनीचं, मावशींचं शिरेचं. पुढची सगळी शुश्रूषा या फरकावर चालते आणि दोघांची अदलाबदल केली तर पाय जाऊ शकतो.

माझ्या मुली रावेर, यावल, शिरपूर, शहाद्याकडच्या. बहुतेकींच्या घरी शेती. त्यांना मी शेतातूनच समजावते. धमनी म्हणजे ठिबकची नळी. आत क्षार साचत गेले की टोकाच्या झाडाला पाणी पोचत नाही आणि ते आधी सुकतं. पायाचं टोक म्हणजे बोटं, म्हणून धमनीची जखम बोटांच्या टोकाला, दोन बोटांमध्ये, टाचेवर होते. शिरेचं काम उलटं, विहिरीतून पाणी वर उपसायचं. पोटरीचा स्नायू ही मोटर आणि शिरेतल्या झडपा हे फुटव्हॉल. फुटव्हॉल गळका झाला की चढलेलं पाणी परत विहिरीत उतरतं. तसं रक्त घोट्याशी साचतं, शिरा फुगतात, संध्याकाळी पाय जड होतो, सूज येते. वर्षानुवर्षं असं राहिलं की घोट्याच्या वर कातडी काळपट तपकिरी आणि टणक होते आणि तिथंच, बहुधा आतल्या घोट्याजवळ, उथळ, वेड्यावाकड्या कडांची, सतत झिरपणारी जखम फुटते. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांत हे खूप दिसतं. पोळ्या लाटणाऱ्या बायका, दुकानातली माणसं, कंडक्टर.

आता दुखणं कसं विचारायचं ते. आपल्याकडचा पेशंट "क्लॉडिकेशन" म्हणणार नाही. तो अहिराणीत सांगेल, "थोडासा चालनू का पोटरी धरी लेस, जरासा थांबनू का बरं वाटस." हे वाक्य कानावर पडलं की धमनीचा संशय घ्या. मग तीन गोष्टी विचारा. किती चालल्यावर धरते? रोज साधारण तेवढ्याच अंतरावर धरते का? नुसतं उभं राहून थांबते, की बसावं, वाकावं लागतं? ठरलेल्या अंतरावर धरते आणि उभ्या उभ्या काही मिनिटांत सुटते ती धमनीची. बसल्या-वाकल्याशिवाय सुटत नसेल तर मणक्याचाही विचार करावा लागतो. बरेच जण याला वात समजून वर्षभर तेल चोळत बसतात. बिडी आणि मधुमेह यांची चौकशी कधी सोडू नका. चाळिशीच्या आतला, भरपूर बिडी ओढणारा पुरुष काळं पडलेलं बोट घेऊन आला तर बर्जर रोग आठवा, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात तो. लिओ बर्जर यांनी 1908 साली त्याचं वर्णन केलं. तंबाखू पूर्ण सोडणं हाच त्याचा मुख्य उपचार आहे, दोन बिड्यांवर आणणं नव्हे.

हात लावायचा तर दोन्ही पायांना लावा. हाताच्या मागच्या बाजूनं गुडघ्यापासून खाली येत जा आणि गारवा कुठे सुरू होतो ते बघा. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना गार लागलेला पाय लगेच जाणवतो. थंडीत मात्र आधी स्वतःचे हात चोळून गरम करा, पेशंटला थोडा वेळ पांघरूण द्या. आपल्या सावळ्या कातडीवर फिकेपणा सहज दिसत नाही, तेव्हा तळपाय आणि नखं बघा. नख दाबून सोडा. रंग दोन-तीन सेकंदांत परत आला पाहिजे. केस झडलेली चकचकीत नडगी, जाड झालेली नखं याही धमनीच्याच खुणा.

नाडी दोन ठिकाणी शोधायची. पायाच्या वरच्या बाजूला अंगठ्याची दोरी (स्नायूची, रक्ताची शीर नव्हे) ताणून उभी राहते, तिच्या बाहेरच्या अंगाला. आणि आतल्या घोट्याच्या मागे. बोटं हलकी ठेवा. जोरात दाबलं तर नाडी बुजते, नाहीतर स्वतःचीच लागते. शंका आली तर दुसऱ्या हातानं पेशंटची मनगटाची नाडी धरून ताल जुळवा. काही निरोगी माणसांत वरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून घोट्यामागची बघितल्याशिवाय "नाडी नाही" लिहू नका. सापडली की पेनानं तिथे फुली मारा. रात्रपाळीची मुलगी तुम्हाला दुवा देईल.

हे मी इतकं लावून का धरते, ते सांगते. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या वॉर्डात एक आजोबा होते. अंगठ्याला जखम, पाऊल सुजलेलं. सूज म्हणजे शिरेचं दुखणं, एवढंच मला माहीत होतं. मी क्रेप बँडेज घट्ट गुंडाळलं आणि पाय दोन उशांवर चढवला. फार मन लावून केलं होतं. रात्री ते कळवळत होते, पाय खाली घेऊ द्या म्हणत होते आणि मी पुन्हा पुन्हा तो उशीवर ठेवत होते. सकाळी पट्टी सोडली तेव्हा बोटं निळी-काळी होती. पुढे अंगठा काढावा लागला. ती सूज कशाची होती ते मला नंतर कळलं. दुखण्यानं महिना-महिना रात्री पाय लोंबवून बसल्यामुळे पाणी उतरलं होतं. मूळ आजार धमनीचाच होता. तो अंगठा तसाही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. पण त्या रात्री आजोबा मला योग्य तेच सांगत होते आणि मी ऐकलं नाही. म्हणून सांगते, सूज दिसली तरी नाडी बघितल्याशिवाय आणि एबीआय कळल्याशिवाय दाबपट्टी बांधायची नाही.

एबीआय म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर. पेशंटला दहा मिनिटं उताणं झोपू द्या. दोन्ही दंडांचा वरचा दाब हँड डॉपलरनं, म्हणजे रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणाऱ्या हातातल्या यंत्रानं घ्या, त्यातला जास्तीचा धरा. मग पट्टा घोट्याच्या वर बांधून दोन्ही नाड्यांवर दाब घ्या, त्यातलाही जास्तीचा धरा. घोट्याचा भागिले दंडाचा. दंडाचा 140 आणि घोट्याचा 84 असेल तर 0.60. साधारण 1.0 ते 1.4 ठीक. 0.90 किंवा खाली आला तर धमनीचा आजार. 0.40 च्या खाली गेला तर पाय धोक्यात. 1.4 च्या वर आला म्हणून खूश होऊ नका. जुन्या मधुमेहात धमनीला चुना धरतो, ती दबतच नाही आणि आकडा खोटा चढतो. पूर्ण दाबाची पट्टी साधारण 0.8 च्या वर असेल तरच. 0.5 ते 0.8 मध्ये कमी दाबाची, तीही तज्ज्ञानं सांगितली तर. 0.5 च्या खाली अजिबात नाही.

शिरेच्या पेशंटला मात्र ही पट्टीच औषध आहे. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत बांधा, घोट्याशी दाब जास्त आणि वर कमी होत गेला पाहिजे. टाच उघडी सोडू नका. पट्टीऐवजी दाबाचा मोजा घालायचा तर सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी, सूज चढण्यापूर्वी. पाय छातीपेक्षा उंच ठेवायला सांगा, चालायला सांगा, बसल्या जागी घोटा वर-खाली करायला सांगा. मोटर चालली तरच पाणी चढणार.

धमनीच्या पेशंटलाही चालायला सांगायचं, पण जखम किंवा झोपेतही होणारं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, सुटली की पुन्हा चालायचं. असं 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान 12 आठवडे. पाय गार म्हणून विटेचा शेक किंवा गरम पाण्याची पिशवी कुणी देत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. रक्त कमी, संवेदना कमी, चटका बसला तर कळतही नाही. सैल सुती मोजे पुरेत. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्या मधुमेही माणसाला मी "जाऊ नका" म्हणत नाही, कारण तो जाणारच. पण अनवाणी जाऊ नका, रोज संध्याकाळी तळवे कुणाला तरी दाखवा, हे हात जोडून सांगते.

दोन प्रसंगांत मात्र बसून विचार करायला वेळ नसतो. एक पाय अचानक सुजला, गरम, पोटरी दुखरी, आणि पेशंट ऑपरेशननंतर पडून होता किंवा नुकती बाळंतीण आहे, तर खोल शिरेत गुठळी समजा. दोन्ही पोटऱ्या टेपनं एकाच उंचीवर मोजा. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक गंभीर. पाय चोळू नका, नातेवाइकांनाही चोळू देऊ नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो, छातीत दुखतं. पाऊल वाकवून पोटरी दुखते का, ही जुनी खूण भरवशाची नाही, तिच्यावर विसंबू नका. दुसरा प्रसंग: पाय अचानक पांढरा, गार, बधिर, नाडी गायब, बोटं हलत नाहीत. हा धमनीचा अडथळा. साधारण सहा तासांनंतर स्नायू वाचवणं कठीण होत जातं, म्हणून राउंडची वाट न बघता त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन करा.

ड्युटी संपवून पुढच्या पाळीच्या मुलीला पेशंट सोपवताना "पाय ठीक आहे" असं लिहू नका. असं लिहा: उजवा पाय, वरची नाडी डॉपलरवर, घोट्यामागची हाताला क्षीण, घोट्यापासून गार, नख चार सेकंदांत, बोटं हलतात, रात्री पाय खाली सोडून झोपले. आणि वेळ घाला.